सीडी शेलच्या पोटात का?

लिनक्सवर एलएस, सीपी, ग्रेप हे सगळे स्वतंत्र प्रोग्राम. डिस्कवर त्यांच्या फाइली सापडतात. सीडी मात्र बॅशच्या पोटातच असते. रोज वापरतो आपण, पण असं का, हे कुणी विचारत नाही. त्यामागे एक भन्नाट किस्सा आहे.

तर मंडळी, १९६९ साली बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची पीडीपी-७ या मशीनवर युनिक्स उभारायला लागले. तेव्हा डिरेक्टरी बदलायची कमांड साधा बाहेरचा प्रोग्रामच होती. एका टर्मिनलला एकच प्रोसेस. शेल कमांड वाचायचं आणि तिला आपली जागा देऊन टाकायचं. काम संपलं की शेल पुन्हा लोड. प्रोसेस तीच, त्यामुळे बदललेली डिरेक्टरी टिकायची.

मग फोर्क आलं. शेलने स्वतःची प्रत काढायची आणि कमांड त्या प्रतीत चालवायची. त्यासाठी असेंब्लीच्या फक्त २७ ओळी लागल्या. सगळे खूश! आणि लक्षात आलं, डिरेक्टरी बदलतच नाहीये. कोड पुन्हापुन्हा वाचला, तेव्हा कुठे उलगडा झाला.

समजा, तुम्ही आमच्या डोंगरकड्यात (जिल्हा हिंगोली) बसला आहात आणि जायचंय नांदेडला. तुम्ही धाकट्या भावाला पाठवलंत. तो पोचला की नांदेडला! तुम्ही डोंगरकड्यातच. इथे तर नवी प्रोसेस डिरेक्टरी बदलून लगेच संपायची. म्हणून ही कमांड शेलच्या आत घ्यावी लागली.

गंमत म्हणजे, थॉम्पसनच्या शेलमध्ये गोटू बाहेरचा प्रोग्राम होता, आणि तो चालायचा! कारण स्क्रिप्ट कुठपर्यंत वाचली याची खूण शेल आणि गोटू यांच्यात सामायिक असायची. गोटू ती सरकवायचा, शेल तिथून पुढे वाचायचं. डिरेक्टरी मात्र ज्याची त्याची.

इकोची गोष्ट वेगळी. १९७९ च्या बॉर्न शेलमध्ये तो बाहेरच होता. दर वेळी नवी प्रोसेस काढणं महाग, म्हणून पुढे तो आत आला. म्हणजे सीडी आत आहे नाइलाजाने, इको वेगासाठी. इकोची बाहेरची फाइल आजही डिस्कवर असते.

हे कळलं की बरीच कोडी सुटतात. स्क्रिप्टमध्ये सीडी केलं तरी स्क्रिप्ट संपल्यावर आपण जुन्याच जागी का? सुडो लावून सीडी का चालत नाही? उत्तर एकच: दुसऱ्याला पाठवून आपण पोचत नाही. शंका आली की टर्मिनलवर ‘टाइप’ ही कमांड वापरून बघा, आतलं कोण आणि बाहेरचं कोण ते ती सांगते. आणि हो, ‘टाइप’सुद्धा आतलीच बरं का!