रोध शून्य होतो का?

गेल्या महिन्यात गुडघ्याच्या एमआरआयसाठी जाऊन आले. बाहेर आल्यावर तिथल्या मुलाला विचारलं, "एवढं मोठं चुंबक चालतं कसं रे?" तो म्हणाला, "आजी, आतल्या तारा द्रवरूप हेलियमने थंड ठेवतात. मग त्यांना रोधच उरत नाही." आणि मला एकदम १९८७ सालचा दहावीचा वर्ग आठवला.

मी मराठीची बाई. शास्त्राची जागा रिकामी होती म्हणून तेही तास माझ्याकडे आले होते. ओहमचा नियम चालू असताना एक मुलगा उठला. "बाई, पेपरात आलंय, रोध शून्य होतो म्हणून. खरं का?" मी म्हटलं, "प्रत्येक तारेला रोध असतोच. पुस्तकात नाही ते विचारू नकोस." तो खाली बसला. नंतर वर्षभर त्याने काही विचारलं नाही.

या वयात शोधाशोध केली, तेव्हा कळलं की त्याचा प्रश्न किती जुना होता. हॉलंडमधल्या लायडनला कामर्लिंग ओन्नेस यांनी १९०८ साली हेलियम द्रवरूप केला. १९११ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत पारा उणे २६९ अंशांपर्यंत थंड केला, आणि त्याचा रोध हळूहळू नाही, एकदम नाहीसा झाला! ही अतिवाहकता. पण का? आईनस्टाईन, बोर, फाइनमन... सगळ्यांनी प्रयत्न केले, जमलं नाही. उत्तर मिळालं १९५७ साली, म्हणजे ४६ वर्षांनी. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी दाखवलं की एरवी एकमेकांना दूर लोटणारे इलेक्ट्रॉन त्या थंडीत अणूंच्या कंपनांमुळे जोड्या करतात. जोडी फोडायला ठराविक ऊर्जा लागते. ती मिळाली नाही तर सगळ्या जोड्या वारीतल्या दिंडीसारख्या एकत्र, बिनअडथळा चालतात.

कोडं सुटलं असं वाटलं. मग १९८६ साली झुरिकजवळ बेडनॉर्झ आणि म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडमध्ये, म्हणजे चिनीमातीसारख्या ठिसूळ पदार्थात, अतिवाहकता सापडली. पुढच्याच वर्षी तसला एक पदार्थ उणे १८० अंशांलाच अतिवाहक झाला. त्याला महागडा हेलियम नको, नायट्रोजन पुरे. त्या मुलाने वाचलेली बातमी हीच असणार.

या पदार्थांतले इलेक्ट्रॉन कसे वागतात हे पाहायची रीतही छान आहे. पृष्ठभागावर प्रकाश टाकून इलेक्ट्रॉन बाहेर काढायचे, आणि त्यांची ऊर्जा नि दिशा मोजून ते आत कसे होते हे ताडायचं. त्यातून १९९० च्या दशकात दिसलं की इथे जोडी फोडायची ऊर्जा सगळ्या दिशांना सारखी नाही, काही दिशांना तर शून्य! पण त्या जोड्या जमवतं कोण, यावर तज्ज्ञांचं आजही एकमत नाही.

म्हणजे त्या दिवशी मी "मला माहीत नाही" म्हटलं असतं, तरी माझी सोबत मोठ्या लोकांशीच होती. ते तीन शब्द तेव्हा जड गेले.

असो. त्या वर्गातलं कोणी हे वाचत असेल, तर त्याला सांगा. प्रश्न बरोबर होता, बाई चुकल्या.