मानपोर्तच्या कड्याखाली

1885 चा नोव्हेंबर सरत आलाय. नॉर्मंडीतल्या एत्रता गावापलीकडे तुम्ही कड्याखाली उभे आहात. पायाखाली वाळू नाही, गुळगुळीत गोटे आहेत; लाट परतू लागली की सगळा किनारा खळखळतो. पाठीशी खडूच्या दगडाचा उभा कडा, त्यात गारगोटीच्या काळपट आडव्या रेघा. समोर समुद्रात पाय रोवलेली अजस्र कमान, मानपोर्त. गावातून दिसणारी कमान आणि तिच्याशेजारचा सुळका पुष्कळांनी रंगवलाय. ही मात्र आडोशाला आहे.

ईझलपाशी जो दाढीवाला आहे, तो क्लोद मोने. नुकताच 45 वर्षांचा झालाय. बालपण जवळच्याच ल हाव्रमध्ये गेलं, त्यामुळे हा समुद्र त्याच्या ओळखीचा. 1883 च्या हिवाळ्यात तो इथे आला, तेव्हा चित्रकार कूर्बेनं इतका सुरेख रंगवलेला कडा आपण पुन्हा रंगवणं म्हणजे भलतंच धाडस, असं त्यानं पत्रात लिहिलं होतं. तरी रंगवला. आणि आता परत आलाय.

या मोसमात लेखक मोपासाँ त्याच्यामागून हिंडतो. गावची पोरं पाच-सहा कॅनव्हास उचलून चालतात. देखावा एकच, वेळा वेगवेगळ्या. ढग आला की हातातला कॅनव्हास बाजूला, दुसरा पुढे. रुआँच्या कॅथेड्रलची चित्रमालिका अजून सात वर्षं दूर आहे, पण तिचं बीज मला याच गोट्यांवर पडलेलं दिसतं.

आता कमानीच्या पोटाकडे बघा. पाण्यावरून उसळलेला उजेड आत चढतोय: खाली हिरवट, वर गुलाबी, कडेला जांभळा. पांढरा म्हणावा असा ठिपका कुठेच नाही. तुम्ही नीट पाहीपर्यंत गुलाबी विझतो. मोनेचा कुंचला त्याच्यामागे धावतोय, आखूड, ओल्या फटकाऱ्यांनी.

ओहोटी लागलीय अशी त्याची खात्री आहे. लाटा चार पावलांवर येऊन विरतात, तो मान वर करत नाही. खरं तर भरती चढतेय. तुम्हाला ओरडावंसं वाटतं, पण तुमचा आवाज या काळात पोचत नाही.

प्रचंड लाट त्याला कड्यावर आपटते आणि फेसात लोळवते. पाणी त्याला धरून ठेवतं. आपण संपलो, असं त्याला वाटतं. मग तो रांगत बाहेर येतो. बूट, जाड मोजे, जुनं जाकीट निथळतंय. हातातली पॅलेट तोंडावर आदळून दाढी निळ्या-पिवळ्या रंगानं माखलीय.

हे सगळं तो त्याची जोडीदार आलिस हिला पत्रात कळवेल. आणि जीव वाचल्यावर चरफडेल ते एवढ्याचसाठी, की ईझल आणि पिशवीबरोबर रंगवत असलेलं चित्रही समुद्रानं नेलं.