विकायची आहे, पण चाखता येत नाही!

घरातली जुनी पोर्ट वाइन विकायला काढली, तर नेमकं काय विकलं जातं? मला विचाराल तर वाइनपेक्षा तिचा इतिहास.

पोर्ट ही पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली. १७०३ च्या मेथ्युएन तहामुळे इंग्लंडमध्ये पोर्तुगीज वाइनवर फ्रेंचपेक्षा एक तृतीयांश कमी जकात लागायची. इंग्रजांना पोर्टची चटक लागली ती अशी. पुढे श्रीमंत घरांत रीतच पडली: मूल जन्मलं की त्या सालच्या पोर्टचं अख्खं पिंप घ्यायचं, साधारण ५५० लिटर. म्हणजे सातशेहून जास्त बाटल्या! एवढ्या संपणार कधी? मग उरलेल्या लिलावात.

आता खरी अडचण बघा. व्हिंटेज पोर्ट म्हणजे एकाच उत्तम सालची. दोनेक वर्षं पिंपात, मग कित्येक दशकं बाटलीत. पण खात्री करायला बूच काढलं, की बाटलीची किंमत गेली. त्यात अनेक जुन्या बाटल्यांना लेबलच नसतं. नुसता पांढऱ्या रंगाचा फटकारा, तळघरात कुठली बाजू वर होती ते कळायला. १९७० च्या दशकापर्यंत बरीचशी पोर्ट पिंपातून ब्रिटनला जायची आणि तिथले व्यापारी ती बाटल्यांत भरायचे.

मग पुरावा काय? बुचावरचं नाव-साल, तोंडावरची मोहोर, वाइनची पातळी आणि व्यापाऱ्याची जुनी पावती. वाइन तीच, पण पावती हरवली की भाव पडतो. म्हणून सांगतो, आजोबांची कुठलीही वस्तू जपताय ना? तिचा कागदही जपा.