डिंकाने चिकटवलेला इतिहास

ऑगस्ट २०२२मध्ये अमेरिकेतल्या एका लिलावात पुठ्ठ्याचा एक तुकडा १ कोटी २६ लाख डॉलरला विकला गेला. तळहातात मावेल एवढ्या त्या तुकड्यावर मिकी मँटल या बेसबॉलपटूचं रंगीत चित्र आहे. न्यूयॉर्कच्या टॉप्स कंपनीने १९५२मध्ये ही कार्डं छापली आणि बबलगमच्या जोडीने काही सेंटांना पाकिटातून विकली. मँटलचं कार्ड मालिकेच्या शेवटच्या भागात होतं आणि तो भाग बाजारात आला तोवर खेळाचा हंगाम संपत आला होता. न खपलेली खोकी वर्षानुवर्षं गोदामात पडून राहिली. १९६०च्या सुमारास ती बोटीत लादून अटलांटिक समुद्रात बुडवली, असं त्या मालिकेचा कर्ता साय बर्जर यानेच पुढे सांगितलं.

समुद्रात बुडवण्याचा माल आणि कोट्यवधी डॉलरचा ऐवज, या दोन टोकांमध्ये फक्त साठ वर्षं आहेत. एवढ्या काळात पुठ्ठा बदलला नाही, छपाई बदलली नाही. बदलली ती त्याच्याकडे पाहण्याची नजर. ही नजर घडवणाऱ्यांत एका माणसाचं नाव सर्वांत आधी घ्यावं लागतं आणि त्याला या व्यवहारातून पैसे मिळवायचेच नव्हते. त्याच्यापर्यंत पोचण्यासाठी मात्र तंबाखूच्या दुकानापासून सुरुवात करावी लागेल.

पाकिटाचा आधार

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत सिगारेटी मऊ कागदी पाकिटांत मिळत. खिशात दबून त्या मोडू नयेत म्हणून पाकिटात पुठ्ठ्याची एक पट्टी सरकवलेली असे. ती कोरी ठेवण्यापेक्षा तिच्यावर जाहिरात छापावी आणि जाहिरात कुणी फेकू नये म्हणून चित्र छापावं, हा व्यापारी हिशोब होता. नट्या, पक्षी, देशोदेशींचे झेंडे, सेनापती आणि खेळाडू असे विषय निघाले. चित्रांना क्रमांक दिले की गिऱ्हाईक पुढचं चित्र मिळवण्यासाठी त्याच छापाची सिगारेट पुन्हा घेतं, हेही लवकरच ध्यानात आलं.

व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड शहरातल्या अॅलन अँड जिंटर कंपनीने १८८७मध्ये जगज्जेत्यांची ५० चित्रांची मालिका काढली. तिच्यात बेसबॉलपटू होते अवघे दहा. बाकीचे मुष्टियोद्धे, मल्ल, नावाडी, बिलियर्ड खेळणारे आणि नेमबाज. नेमबाजांत अॅनी ओकली ही स्त्रीही होती. त्याच सुमारास गुडविन कंपनीच्या ‘ओल्ड जज’ सिगारेटींबरोबर बेसबॉलपटूंचे खरे फोटो येऊ लागले. तेव्हाच्या कॅमेऱ्याला धावता खेळाडू टिपता येत नसे. म्हणून खेळाडूला स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यासमोर उभं करत आणि चेंडू छताला दोरीने टांगत. काही कार्डांवर ती दोरी आजही स्पष्ट दिसते. झेल घेण्याच्या पवित्र्यात ताटकळत उभा असलेला तो खेळाडू त्या काळच्या छायाचित्रणाविषयी पुष्कळ सांगून जातो.

१८९०मध्ये पाच मोठ्या कंपन्या एकत्र येऊन अमेरिकन टोबॅको कंपनी उभी राहिली. जेम्स ड्यूक तिचा प्रमुख झाला. स्पर्धा संपली तशी गिऱ्हाइकाला चित्राचं आमिष दाखवण्याची गरजही संपली आणि कार्डं ओसरली. चित्रांची भरती-ओहोटी खेळाच्या लोकप्रियतेपेक्षा बाजारातल्या चुरशीवर अवलंबून होती, हे इथे लक्षात ठेवायला हवं.

हीच युक्ती इंग्लंडमध्ये क्रिकेटला लागू झाली. विल्स कंपनीने १८९६मध्ये क्रिकेटपटूंची ५० कार्डांची मालिका काढली. डब्ल्यू. जी. ग्रेस यांच्याबरोबर आपले रणजितसिंहजीही तिच्यात आहेत. ड्यूकची कंपनी आणि इंग्लंडची इंपीरियल टोबॅको यांनी १९०२मध्ये आपसातली लढाई मिटवून ब्रिटिश अमेरिकन टोबॅको ही संयुक्त कंपनी काढली. १९१०मध्ये कोलकात्यात इंपीरियल टोबॅको कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली, तीच आजची आयटीसी. ‘विल्स’ हे नाव आपल्या पानपट्टीवर पोचलं ते याच वाटेने.

एक नकार

१९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने बेसबॉलपटूंची एक प्रचंड मालिका काढली. पाचशेहून अधिक वेगवेगळी कार्डं आणि पाठीमागे सोळा सिगारेट-छापांच्या जाहिराती. प्रत्येक कार्ड जेमतेम दीड इंच रुंद आणि अडीच इंचांहून थोडं लांब. संग्राहक आज या मालिकेला ‘टी २०६’ म्हणतात. हा क्रमांक कंपनीने दिलेला नाही. तो कुणी दिला ते पुढे येईलच.

या मालिकेत पिट्सबर्ग पायरट्स संघाच्या होनस वॅग्नरचं कार्ड अगदी थोडं छापून थांबवलं गेलं. किती छापली याचे अंदाज पन्नासपासून दोनशेपर्यंत जातात. कारण वॅग्नरने परवानगी नाकारली होती. ‘द स्पोर्टिंग न्यूज’ या साप्ताहिकात १९१२मध्ये आलेल्या हकिकतीनुसार, वॅग्नरची संमती मिळवून देण्यासाठी कंपनीने जॉन ग्रूबर या गुणलेखकाला दहा डॉलर देऊ केले होते. वॅग्नरने संमती दिली नाही. उलट मित्राचं नुकसान नको म्हणून स्वतःच्या खात्यातून ग्रूबरच्या नावे दहा डॉलरचा चेक पाठवला.

नकारामागच्या हेतूबद्दल दोन मतं आहेत. आपल्या चित्रासाठी पोरांनी सिगारेटी विकत घेऊ नयेत असं वॅग्नरला वाटलं, हे एक. कंपनीने मोबदला द्यायला हवा होता, हे दुसरं. वॅग्नर स्वतः तंबाखू चघळत असे आणि त्याआधी एका सिगारच्या खोक्यावर त्याचं चित्र आलं होतं, हा दुसऱ्या मताचा आधार. मला या वादापेक्षा चेकची गोष्ट महत्त्वाची वाटते. आपल्या चेहऱ्यावर आपला हक्क आहे आणि तो दुसऱ्याच्या मालाबरोबर विकला जाऊ नये, ही जाणीव तिच्यात आहे. त्याच्या हयातीत या प्रश्नावर कायदा पुरता उभाही राहिला नव्हता.

कोपऱ्यातलं टेबल

जेफरसन बर्डिक याचा जन्म १९००चा, न्यूयॉर्क राज्यातला. सिरॅक्यूज शहरात विजेची उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात तो सुटे भाग जोडण्याचं काम करी. लग्न केलं नाही. तरुणपणीच संधिवाताने गाठलं आणि हाताची बोटं हळूहळू आखडत गेली. लहानपणी वडीलधाऱ्यांच्या सिगारेट-पाकिटांतून जमवलेली कार्डं त्याने मोठेपणीही सोडली नाहीत. बेसबॉलचं त्याला विशेष वेड नव्हतं. त्याचा जीव छापील कागदावर होता. पोस्टकार्डं, शुभेच्छापत्रं, व्यापाऱ्यांची जाहिरात-कार्डं, सिगारच्या पट्ट्या, सगळंच तो जमवी.

जमवणारे तेव्हाही पुष्कळ होते, पण त्यांना एकमेकांशी बोलायला भाषा नव्हती. एकाने पत्रात ‘पांढऱ्या कडेची बेसबॉलची कार्डं’ असं लिहिलं तर ती कोणती, हे दुसऱ्याला कळण्याची सोय नव्हती. बर्डिकने १९३७पासून संग्राहकांसाठी एक छोटं पत्रक काढलं आणि १९३९मध्ये पहिली सूची छापली. हीच पुढे ‘अमेरिकन कार्ड कॅटलॉग’ म्हणून प्रसिद्ध झाली. तिची पद्धत साधी होती. एकोणिसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना ‘एन’, विसाव्या शतकातल्यांना ‘टी’, मिठाई आणि गमच्या जुन्या कार्डांना ‘ई’, अलीकडच्यांना ‘आर’, आणि त्यापुढे मालिकेचा क्रमांक. अॅलन अँड जिंटरचे जगज्जेते ‘एन २८’ झाले, दोरीला टांगलेल्या चेंडूंचे फोटो ‘एन १७२’ आणि वॅग्नरची मालिका ‘टी २०६’. कोट्यवधींचे लिलाव आज याच क्रमांकांनी पुकारले जातात.

बर्डिकने किमतीही दिल्या, पण सामान्य कार्डाला काही सेंट अशा. वॅग्नरच्या दुर्मीळ कार्डाला त्याने पन्नास डॉलर लावले, तेव्हा ती सर्वांत मोठी किंमत होती.

१९४७पासून त्याने आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझियम ऑफ आर्टला द्यायला सुरुवात केली. तिथल्या मुद्राचित्र विभागाचे प्रमुख ए. हायट मेयर यांनी तो स्वीकारला, पण अट घातली की लावणी बर्डिकनेच करायची. ड्यूरर आणि रेम्ब्राँ यांची मुद्राचित्रं जिथे जपली जातात त्याच विभागाच्या एका कोपऱ्यात या कामगाराला टेबल मिळालं. शेवटची काही वर्षं तो न्यूयॉर्कलाच येऊन राहिला. वाकड्या झालेल्या बोटांनी एकेक कार्ड क्रमाने अल्बममध्ये चिकटवत गेला. तीन लाखांहून अधिक वस्तू, त्यांत बेसबॉलची कार्डं सुमारे तीस हजार. १० जानेवारी १९६३ला शेवटचं पान पुरं झालं. कसाबसा कोट अंगात चढवत ‘आता मी येणार नाही’ अशा अर्थाचं काही बोलून तो निघाला, अशी आठवण मेयर यांनी नोंदवली आहे. दुसऱ्या दिवशी तो इस्पितळात दाखल झाला आणि मार्चमध्ये तिथेच वारला.

बर्डिकने कार्डं डिंकाने चिकटवली. आजच्या संग्राहकाला हे ऐकून घाम फुटेल. मागची बाजू झाकली गेली, बाजारभाव गेला. अभ्यासकाचंही त्यात नुकसान आहे, कारण मागच्या जाहिरातीवरूनच एका चित्राचे प्रकार ओळखता येतात. पण त्या चिकटवण्यामुळेच संग्रह फुटला नाही. एकेक कार्ड सुटं होऊन बाजारात गेलं नाही. वॅग्नरही तिथे आपल्या मालिकेतल्या सोबत्यांबरोबर आहे. संग्रहालय निवडक कार्डं आलटून-पालटून मांडतं, कारण सततच्या उजेडाने जुने रंग उडतात.

पेटीबंद

वॅग्नरच्याच दुसऱ्या एका कार्डाची गोष्ट याच्या बरोबर उलट आहे. बिल मास्ट्रो या विक्रेत्याने १९८५मध्ये ते २५ हजार डॉलरला विकत घेतलं. १९९१मध्ये आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्की आणि त्याचा भागीदार यांनी लिलावात त्याला ४ लाख ५१ हजार डॉलर मोजले. त्याच वर्षी पीएसए ही कंपनी सुरू झाली. कार्ड तपासायचं, दहापैकी गुण द्यायचे आणि पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत कायमचं बंद करायचं, हा तिचा धंदा. तिचं पहिल्या क्रमांकाचं प्रमाणपत्र याच कार्डाला मिळालं. गुण आठ. इतकं जुनं कार्ड आणि इतक्या धारदार कडा! २००७मध्ये त्याला २८ लाख डॉलर आले.

कडा धारदार होत्या त्याचं कारण त्या कापलेल्या होत्या. २०१३मध्ये फसवणुकीच्या खटल्यात मास्ट्रोने गुन्हा कबूल केला आणि हे कार्ड आपण कापून सरळ केल्याचंही मान्य केलं. आजवर असंख्य लोकांनी ते पाहिलं, पण पेटीवरच्या आकड्यातून.

नव्या कार्डांची तऱ्हा याच्याही पुढची आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस भाव वाढतील या आशेने लोकांनी खोकीच्या खोकी भरून ठेवली. कंपन्यांनीही छापायला हात आखडला नाही, आणि त्या काळातली बहुतेक कार्डं आज मातीमोल आहेत. मग दुर्मीळता मुद्दाम तयार करावी लागली. मर्यादित प्रती, क्रमांक, स्वाक्षऱ्या, खेळाडूच्या कपड्याचे तुकडे. २००३मध्ये डॉनरस कंपनीने बेब रूथचा एक जुना सदरा अडीच लाख डॉलरहून जास्त मोजून घेतला आणि कार्डांत बसवण्यासाठी त्याचे बारीक तुकडे केले. ज्या वस्तूची आठवण म्हणून कार्ड, ती वस्तूच कार्डासाठी कातरली गेली.

रिकाम्या जागा

दुर्मीळतेची हाव तशी जुनीच. १९३३मध्ये गाउडी या गम कंपनीने २४० कार्डांच्या मालिकेतलं १०६ क्रमांकाचं कार्ड बाजारात आणलंच नाही. पोरं ते शोधत गम घेत राहिली. तक्रारीची पत्रं पाठवणाऱ्यांना पुढच्या वर्षी ते टपालाने धाडण्यात आलं. मालिका क्रमाने लावून बसलेल्यालाच असलं काही सापडतं. सुट्या कार्डावरून ते कळत नाही.

आणखी एक मोठी रिकामी जागा अशीच दिसते. टी २०६च्या पाचशेहून अधिक कार्डांत आफ्रिकी वंशाचा एकही अमेरिकी खेळाडू नाही. मोठ्या स्पर्धांची दारं त्यांना बंद होती. जॅकी रॉबिन्सनने १९४७मध्ये ती उघडली आणि १९४९च्या बोमन गमच्या मालिकेत रॉबिन्सनबरोबर रॉय कँपनेला, सॅचेल पेज असे चेहरे आले. पानं उलटता उलटता एका देशाचा वर्णभेद आणि त्याला गेलेला तडा डोळ्यांसमोर येतो. कुठल्याही एका कार्डावर तो छापलेला नाही.

आपल्याकडेही काडेपेट्यांवरची चित्रं, सिगारेटची रिकामी पाकिटं, बिग फन बबलगमबरोबर मिळणारे क्रिकेटपटू एका पिढीने डब्यांत भरून ठेवले होते. त्यांतले काही डबे अजून माळ्यावर असतील. त्यांना आज भाव किती, याची चौकशी आंतरजालावर घटकाभरात होईल. ती करण्याआधी एक वही घ्यावी. कुठल्या कंपनीचं, कुठल्या वर्षाचं, मालिकेत किती आणि आपल्याकडचं कुठलं नाही, एवढं तीत लिहावं. बर्डिकची सुरुवात याहून फारशी वेगळी नव्हती.