माकड पाळायचं का? जरा मागे जाऊन बघू

आज एका जुन्या गोष्टीपासून सुरुवात करतो. पंचतंत्रातली आहे, म्हणजे दीड हजार वर्षांहून जुनी. एका राजाने राजपुत्रांना खेळायला म्हणून माकडांचा कळप पाळला होता. वाड्यातलं खाऊन माकडं गलेलठ्ठ झालेली. त्याच वाड्यात एक एडका होता, जिभेचा हावरा. संधी मिळाली की मुदपाकखान्यात घुसायचा, आणि आचारी हाताला लागेल त्या वस्तूने त्याला हाणायचे. कळपातल्या म्हाताऱ्या माकडाने हे पाहिलं आणि बाकीच्यांना सांगितलं, इथून निघा. एखाद्या दिवशी आचारी जळतं लाकूड फेकणार, एडक्याची लोकर पेटणार, तो धावत तबेल्यात शिरणार, गवत पेटून घोडे भाजणार. मग वैद्य औषध सांगणार माकडाची चरबी! तरुण माकडं हसली. वाड्यातलं आयतं सोडून रानातली तुरट फळं कोण खाईल? म्हातारा एकटाच निघून गेला. पुढे अगदी तसंच घडलं.

त्याच पुस्तकात दुसरी एक गोष्ट आहे, ती तर लहानपणी सगळ्यांनीच ऐकली असेल. राजा झोपलाय, लाडकं माकड पंख्याने वारा घालतंय, राजाच्या छातीवर माशी बसते, आणि माशी मारायला माकड तलवार उचलतं.

गोष्टी कल्पनेतल्या, पण सांगणाऱ्याने आजूबाजूला जे पाहिलं तेच त्यात येतं. त्या काळी बड्या घरांतून हौसेने माकडं ठेवत असणार. आणि ही हौस दोघांच्याही जिवावर उठते, हेही लोकांना तेव्हाच कळलेलं होतं.

आता आम्हाला नेहमी विचारतात, कुत्रं चालतं, मांजर चालतं, पोपट पिंजऱ्यात ठेवणारेही आहेत, मग माकडच का नको? (पोपटही कायद्याने ठेवता येत नाही, पण तो विषय वेगळा.) याचं उत्तर आपल्याच गोठ्यात आहे. उस्मानाबादी शेळी घ्या, देवणी गाय घ्या, खिलार बैल घ्या. शेकडो पिढ्या माणसाने निवडून निवडून ही जनावरं तयार केली. जे पाडस मारकं निघालं ते ठेवलं नाही, जे शांत, दुधाळ, कामाचं निघालं त्याची पैदास केली. म्हणून शेळीचं करडू जन्मतःच माणसाळलेलं असतं. माकडाची अशी जात कुणी तयार केलेली नाही. राजवाड्यातलं माकड घ्या, डोंबाऱ्याच्या खेळातलं घ्या, नाहीतर आज मोबाईलवरच्या व्हिडिओत झबलं घालून केळं खाणारं घ्या, ते मुळात रानातलंच. त्याला पकडलेलं असतं, नाहीतर त्याच्या आईला.

आणि पिल्लू आईपासून सहज सुटत नाही. आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार दिसतात. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं वानर, ज्याच्या नराला आपण हुप्प्या म्हणतो. आणि लालसर तोंडाचं माकड, कोकणात त्याला केलडी म्हणतात, त्याच्या डोक्यावरचे केस टोपी घातल्यासारखे दिसतात. दोघांचंही पिल्लू जन्मल्यापासून आईच्या पोटाला घट्ट धरून असतं. ती या झाडावरून त्या झाडावर उडी मारते तरी सुटत नाही. तेव्हा बाजारात एकटं पिल्लू दिसलं, तर त्याची आई मेलेली आहे किंवा जाळ्यात धरून तिच्यापासून ते ओढून घेतलेलं आहे, असंच समजायचं.

अकबर-बिरबलाची एक गोष्ट मात्र बायकांना फार ऐकवली जाते. हौदात माकडीण आणि तिचं पिल्लू ठेवतात, पाणी सोडतात. पाणी नाकाशी येईपर्यंत ती पिल्लाला डोक्यावर धरते, आणि शेवटी त्यालाच पायाखाली घेऊन उभी राहते. म्हणजे काय, तर जीव सगळ्यांना प्यारा, आईलासुद्धा. ही गोष्ट रचणाऱ्याने माकडीण किती वेळ पाहिली होती कोण जाणे. रानात माकडांचा अभ्यास करणाऱ्यांनी नोंदवून ठेवलंय की पिल्लू मेलं तरी आई ते कित्येक दिवस हातात घेऊन फिरते. सुकून जातं, वास सुटतो, तरी सोडत नाही. रस्त्याच्या कडेला असं दृश्य तुमच्यापैकीही कुणी पाहिलं असेल.

आणखी एक गंमत. या माकडांत लेकी जन्मभर आईच्याच कळपात राहतात. वयात आले की नर निघून दुसऱ्या कळपात जातात. आई, मावश्या, आजी, बहिणी, सगळा गोतावळा तिथेच. थोडक्यात, माकडिणीला सासर नसतं! आता आठवा तो माकडवाल्याचा खेळ. ढोलकी वाजते, लुगडं नेसवलेली माकडीण रुसून बसते, आणि माकडवाला विचारतो, सासरी जाणार का नाही? ती मान हलवते. आपण सगळ्या पोट धरून हसलो आहोत. तो सगळा संसार माणसाचा होता, माकडिणीला फक्त दोरीचा झटका कळत होता.

पण माकडवाल्यांबद्दल बोलताना आम्हाला घाई करायची नाही. महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत कैकाडी समाजाच्या नोंदीत माकडवाले हे नाव येतं, कुंची कोरवे असंही म्हणतात. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आणला आणि पुढे देशभर अनेक भटक्या जमातींवर जन्मजात चोराचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, शिक्का मात्र लोकांच्या डोक्यातून गेला नाही. जमीन नाही, घर नाही, गावाच्या हद्दीत मुक्काम करायचा तर पोलीस पाटलाकडे हजेरी. अशा घरात माकड हा कमावता सदस्य होता. त्याला शिकवताना मार होता, उपाशी ठेवणं होतं, चावू नये म्हणून सुळे काढणंही होतं. हे आम्ही झाकत नाही. पण राजाने हौसेसाठी ठेवलेलं माकड आणि पोटासाठी फिरवलेलं माकड एकाच तराजूत घालायला आमचं मन होत नाही.

माकडांचा सगळ्यात मोठा व्यापार या गरीब लोकांनी केलाच नाही. तो देशाबाहेर झाला. अमेरिकेत डॉ. साल्क यांची पोलिओची लस १९५५ साली आली. ती लस माकडाच्या मूत्रपिंडातल्या पेशींवर वाढवत. त्यासाठी माकडं हवीत, आणि ती होती उत्तर भारतात, लाल तोंडाची ऱ्हीसस माकडं. त्या दशकात वर्षाला लाखाच्या वर माकडं भारतातून परदेशी गेली. १९५५च्या जानेवारीत लंडनच्या विमानतळावर जवळपास चारशे माकडं गुदमरून मेली. आपल्या सरकारने काही काळ निर्यात थांबवली, मग पुन्हा सुरू झाली. अमेरिकेने कबूल केलं होतं की ही माकडं लस आणि औषधाच्या कामीच वापरू. पुढे कळलं की त्यांच्यावर लष्करासाठी किरणोत्सर्गाचे प्रयोगही होतात. शेवटी मोरारजी देसाईंच्या सरकारने १९७८ साली निर्यात पूर्ण बंद केली.

या प्रकरणात आम्हाला सोपं मत देता येत नाही. आपण लेकरांना कडेवर घेऊन पोलिओच्या बूथवर रांगा लावल्या. २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. गरोदरपणी रक्त तपासलं की कार्डावर पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह लिहितात ना, त्यातलं आरएच हे नावही याच ऱ्हीसस माकडावरून पडलेलं आहे, १९४०च्या सुमाराच्या प्रयोगांतून. तेव्हा माकडाचं देणं आपल्यावर आहे. ते झबलं शिवून फिटेल असं मात्र वाटत नाही.

देशातले कायदेही हळूहळू बदलत गेले. १९६० साली प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा झाला. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. आपल्याकडचं वानर आणि टोपीवालं माकड या कायद्याने संरक्षित आहेत. त्यांना पकडणं, विकणं, घरात ठेवणं गुन्हा आहे, तुरुंगवास आणि दंड दोन्ही होऊ शकतात. १९९८ साली केंद्र सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ करायला बंदी घातली. सर्कसवाले न्यायालयात गेले, पण २००१ साली सर्वोच्च न्यायालयानेही बंदी उचलून धरली. बंदी योग्यच होती. पण ती आली त्या दिवशी माकडवाल्याच्या बायकोने चुलीवर काय ठेवायचं, याचा विचार त्या कागदात नव्हता. आमच्या गटांत या घरांतल्या बाया आहेत. कुणी भंगार गोळा करतात, कुणी प्लास्टिकच्या वस्तू विकतात. जातीचा दाखला मागितला की पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा पुरावा आणा म्हणतात. पालात राहणाऱ्याने तो आणायचा कुठून? ज्यांच्या हातून माकड सुटलं त्यांना दुसरं काही मिळालं नाही, आणि आता शहरात पैसेवाले तेच माकड हौसेने शोधतात. हे आम्हाला खुपतं.

आमच्या एका गटात हा प्रश्न प्रत्यक्षच आला. विजेच्या तारेला लागून माकडीण मेली, पोटाशी असलेलं पिल्लू वाचलं, आणि एका ताईंनी ते घरी आणलं. बाटलीने दूध पाजून जगवलं. बैठकीत दोन तट पडले. काहीजणी म्हणाल्या, मारुतीरायाची सेवा आहे, पुण्य लागेल. काहीजणी म्हणाल्या, वनखात्याची माणसं येतील. ताईंचं मन निर्मळ होतं, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. पण आम्ही त्यांना पुढच्या चार-पाच वर्षांचं चित्र सांगितलं. पिल्लू नर होतं. वयात आलं की सुळे येणार, घरात मोठा कोण हे ठरवायला ते अंगावर जाणार, आणि बहुतेक वेळा सगळ्यात लहान मुलावर. माकड वीस-पंचवीस वर्षं जगतं. म्हणजे पुढची वीस वर्षं साखळी किंवा पिंजरा. चावलं तर रेबीजची भीती. आपला क्षयरोगही माकडाला लागतो, तेव्हा धोका दोन्हीकडून. ताई गप्प ऐकत होत्या. दोन दिवसांनी त्यांच्या धाकट्या लेकीनेच फोन लावला.

तो फोन कुठे लावायचा ते लिहून घ्या. वनविभागाचा मदतीचा क्रमांक आहे १९२६. पिल्लू सापडलं आणि कळप जवळच असेल, तर लगेच उचलू नका. कुत्री हाकला, लांबून लक्ष ठेवा. वानरांच्या माद्या एकमेकींची पिल्लं नेहमीच घेतात, त्यामुळे कधी कधी कळपच त्याला सामावून घेतो. कळप निघून गेला असेल तर खोक्यात जुनं लुगडं घालून त्याला ऊब द्या आणि फोन करा. जितक्या लवकर ते वनविभागाकडे जाईल, तितकी त्याला माणसाची सवय कमी लागते. माकड चावलं किंवा ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्या. हळद, चुना, मिरची काही लावू नका. आणि सिंधुदुर्गातल्या आपल्या मैत्रिणींसाठी खास: मेलेल्या माकडाला हात लावू नका. माकडताप १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोग्याकडे पहिल्यांदा ओळखला गेला, २०१६ साली तो दोडामार्गात आला. तो माकडाच्या अंगावरच्या गोचिडीतून पसरतो. काजूच्या बागेत मेलेलं माकड दिसलं तर आशाताईंना कळवा.

मग माकडावर माया करायचीच नाही का, असं एकीने विचारलं. तिला आम्ही धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावाची हकिगत सांगितली. २०२२ साली ती वर्तमानपत्रांत आली होती. या गावात ३२ एकर जमीन गावातल्या माकडांच्या नावे नोंदलेली आहे. ही तजवीज कुणी केली आणि कधी, हे गावात कुणालाच सांगता येत नव्हतं. पूर्वी गावात लग्न असलं की आधी माकडांना आहेर आणि मग मांडवातलं कार्य, असा रिवाज होता. त्या जमिनीवर वनविभागाने झाडं लावली. दारात आलेल्या माकडाला उपळ्याचे लोक खायला घालतात, नाही कुणी म्हणत नाही, पण बांधून कुणी ठेवत नाही.

आता तुमच्यातल्या काहीजणी म्हणतील, तुमचं बोलणं ठीक आहे, पण आमचा भुईमूग आणि पेरू कोण राखणार? रास्त आहे. पिकाच्या नुकसानीवर पुढच्या भागात बोलू. तोवर आपापल्या गटात विचारून ठेवा, या हंगामात कुणाचं किती नुकसान झालं, आणि पंचनामा झाला का.