दवंडी ते छोट्या जाहिराती : मौजे मेहरूणच्या निमित्ताने

(१)
जळगावच्या कोणत्याही दैनिकाचे आतले पान उघडावे. मोठ्या बातम्यांच्या खाली, बारीक अक्षरांत, ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की, मौजे मेहरूण, ता. जि. जळगाव येथील...’ अशा धाटणीची जाहीर नोटीस अनेकदा आढळते. तिच्या शेजारी कोणाचे गुणपत्रक हरवलेले असते, कोणाला दुकान भाड्याने द्यायचे असते, कोणी नाव बदललेले असते. आजचा धागा या बारीक अक्षरांच्या इतिहासाविषयी आहे.

(२)
मेहरूण आज जळगाव शहराचाच भाग आहे. बाहेरगावच्या लोकांना ते दोन गोष्टींमुळे ठाऊक असते: तलाव आणि बोरे. ‘मेहरूण’ ही बोराची जात फळबागांच्या पुस्तकांत स्वतंत्र नावाने नोंदलेली आहे. शिवाराचा मोठा भाग आता वस्तीखाली गेला. परंतु महसुली दप्तरात गाव अजून ‘मौजे’च आहे. नोटिशीत प्लॉट क्रमांकाबरोबर चतुःसीमा येते: पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, दक्षिणेस नाला, उत्तरेस रस्ता. अशा नोटिशी ओळीने लावल्या, तर शेताचे बिनशेती कधी झाले आणि बांधाच्या जागी रस्ता कधी आला, याचा आराखडाच हाती येतो.

(३)
प्रथम या नोटिशीची भाषा पाहू. ‘जाहीर’, ‘तमाम’, ‘इसम’, ‘हरकत’, ‘दस्तऐवज’, ‘मौजे’ हे सारे शब्द अरबी-फारसीतून आलेले. खानदेशावर १३८२ पासून फारुकी सुलतानांचे राज्य होते. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि हा प्रदेश मोगलांकडे गेला. शिवाजी महाराजांच्या काळात ‘राज्यव्यवहारकोश’ रचून कारभारातील अशा शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा यत्न झाला. तरीही जमिनीच्या कागदावरून हे शब्द हटले नाहीत. वकिलाच्या टेबलावर आज तयार होणाऱ्या मजकुरात पाच-सहाशे वर्षांच्या कारभाराचे थर आहेत.

(४)
छापील नोटिशीच्या आधी गावात दवंडी होती. डफ किंवा ढोल वाजवीत एक माणूस गल्लोगल्ली फिरे आणि सरकारचा हुकूम, साऱ्याची मुदत, लिलाव, हरवलेले जनावर, गावसभा, हे सर्व खड्या आवाजात सांगे. दवंडीला वाचता येण्याची अट नव्हती आणि पैसेही पडत नव्हते. ती चुलीपाशी बसलेल्या बाईच्या कानी जाई, तशीच गोठ्यातल्या गड्याच्याही. शिवाय ती गावाच्या बोलीत होई. जळगावच्या परिसरात अहिराणी, तावडी, लेवा या बोली एकमेकींना खेटून नांदतात.

(५)
पण हा आवाज कोणाचा होता, हे विसरता येत नाही. महाराष्ट्रातील बहुतेक गावांत दवंडी देणे, सरकारी टपाल पोहोचविणे आणि कोणाच्याही घरी मृत्यू झाला की परगावच्या नातलगांना पायी जाऊन वर्दी देणे, ही कामे महार वतनदारांवर लादलेली होती. वेळ रात्रीची असो वा पावसाची, नकार देण्याची सोय नव्हती. मोबदला म्हणून तुटपुंजे वतन आणि बलुते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले, ते ही वेठ संपावी म्हणून. कनिष्ठ गाववतने प्रत्यक्षात रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने. पुढे गावात दवंडीचे काम कोतवालाकडे राहिले.

(६)
दवंडी ही केवळ रूढी नव्हती. तिला कायद्याचे बळ होते आणि आजही आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश २१, नियम ५४ पाहा. स्थावर मिळकत जप्त करताना तो हुकूम त्या मिळकतीवर किंवा तिच्या लगत ‘ढोल वाजवून किंवा रूढ पद्धतीने’ पुकारावा, त्याची प्रत मिळकतीच्या दर्शनी भागावर व न्यायालयाच्या इमारतीवर लावावी, अशी त्यात तरतूद आहे. ज्याचे घर जाणार, त्याला व त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना ते समजल्यावाचून जाऊ नये, हा यामागचा विचार.

(७)
आता छापखान्याकडे येऊ. भारतातील पहिले छापील वृत्तपत्र, हिकीचे ‘बेंगॉल गॅझेट’, २९ जानेवारी १७८० रोजी कलकत्त्यात निघाले. त्याच्या पूर्ण नावातच ‘ॲडव्हर्टायझर’ हा शब्द होता. लंडनच्या ‘टाइम्स’च्या पहिल्या पानावर मे १९६६ पर्यंत बातम्या नसत, छोट्या जाहिराती असत. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील गावोगावची साप्ताहिकेही कायदेशीर नोटिशी व किरकोळ जाहिराती यांच्या आधाराने उभी राहिली. थोडक्यात, जाहिरात ही वृत्तपत्राच्या कडेला नंतर चिकटलेली वस्तू नव्हे. ती त्याच्या जन्मापासून सोबत आहे.

(८)
खानदेशात मराठी पत्रांची पहिली पेठ धुळे. जिल्ह्याचे ठाणे तेथे होते, म्हणून ‘खानदेश वैभव’सारखी साप्ताहिके तेथून निघाली. जळगावला १८६० च्या दशकात रेल्वे आली, कापसाची बाजारपेठ वाढली आणि छापखानेही आले. नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ मध्ये केवळ कवितेला वाहिलेले ‘काव्यरत्नावली’ हे मासिक येथूनच सुरू केले. पुढे १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि जळगाव हे पूर्व खानदेशचे मुख्य ठिकाण ठरले. जिल्ह्याचे ठाणे म्हणजे कचेऱ्या, न्यायालये, वकील, लिलाव आणि नोटिशी. जिल्हापत्रांना हा आधार मोलाचा असे. वर्गणी थकली तरी नोटिशीचे पैसे येत.

(९)
परंतु छापील पानावर दवंडीपेक्षा निराळी दारे होती. पहिले दार पैशाचे. दुसरे संपादकाच्या मर्जीचे. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू झाले, तेव्हा पैसे देऊ केले असतानाही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही, असे बाबासाहेबांनी पुढे नमूद केले आहे. या घटनेचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. ज्या समाजाच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या साऱ्या गावाची वर्दी पायी वाहिली, त्यांना स्वतःची वर्दी देण्यासाठी मात्र विकत घेऊनही चार ओळी मिळाल्या नाहीत.

(१०)
तिसरे दार अक्षरांचे. १९५१ च्या जनगणनेत देशातील साक्षरता १८.३३ टक्के होती. स्त्रियांत तर ती फारच कमी. मेहरूणपासून जवळच असलेल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी त्याच वर्षी निवर्तल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या घरातल्या माणसांनी टिपून ठेवल्या म्हणून १९५२ मध्ये त्या पुस्तकरूपाने आल्या. एवढ्या समर्थ वाणीच्या स्त्रीलाही आपल्याच शेताविषयीची नोटीस दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली असती. म्हणूनच पारावर, न्हाव्याच्या दुकानात, चहाच्या हॉटेलात वृत्तपत्र मोठ्याने वाचण्याची रीत पडली. जिथे छापील कागद पोहोचला, तिथेही पुष्कळ काळ माणसाच्या आवाजाची गरज उरलीच.

(११)
जाहीर फलकाचा एक सुंदर प्रयोगही याच जिल्ह्यात झाला. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना साने गुरुजी छात्रालयातील मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढीत. ना छापखाना, ना वर्गणी. १९३८ मध्ये त्यांनी अमळनेरहूनच ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक काढले. लहान वाचकवर्गालाही स्वतःचे पत्र असावे, ही जाण त्यामागे होती.

(१२)
स्वातंत्र्यानंतर जिल्ह्याच्या दैनिकांचा काळ आला. जळगावातून ‘जनशक्ती’, धुळ्यातून ‘आपला महाराष्ट्र’, नाशिकहून आलेले ‘गावकरी’ आणि ‘देशदूत’. १९७७ मध्ये ‘लोकमत’ची जळगाव आवृत्ती सुरू झाली. गावागावांत वार्ताहर आणि एजंट झाले आणि छोट्या जाहिरातीचे सदर स्थिर झाले: ‘पाहिजेत’, ‘विकणे आहे’, ‘भाड्याने देणे आहे’, ‘हरवले आहे’, ‘नावात बदल’, ‘वधू-वर’. केळीचे रोजचे भाव याच पानांत. त्या काळी एखाद्या शेतकऱ्याचे नाव आयुष्यात एकदाच छापून येई, आणि तेही बहुधा या सदरात.

(१३)
निधनाच्या नोटिशींचे खानदेशात स्वतंत्र वळण आहे. राहते घर, अंत्ययात्रेची वेळ, मग उत्तरकार्य व गंधमुक्तीचा दिवस. शोकाकुल म्हणून खाली भाऊबंद, जावई, नातवंडे अशी लांबलचक यादी. या याद्या म्हणजे कुळांचे अर्धे वंशवृक्षच. मुलगी कोणत्या गावी दिली, कोण सुरतेला गेला, कोण भुसावळला रेल्वेत लागला, हे त्यांतून वाचता येते. एके काळी जी वर्दी एका माणसाने रात्रभर चालून पोहोचवायची, ती आता सकाळच्या एस.टी.बरोबर येणाऱ्या गठ्ठ्यात असे. हा बदल लहान नव्हे.

(१४)
सर्वांत जड मजकूर ‘हरवले’ या शब्दाखाली असे. घर सोडून गेलेल्या मुलासाठीच्या जाहिरातीत अंगातल्या सदऱ्याचा रंग, उंची, बोली आणि शेवटी, जेथे असशील तेथून निघून ये, कोणी रागावणार नाही, अशा अर्थाची ओळ. ती साऱ्या जगासमोर छापलेली, पण एकाच वाचकासाठी लिहिलेली असे. तो वाचक कोठे आहे हे ठाऊक नसल्यामुळेच ती सर्वांना दाखवावी लागे. जाहीर नोटिशीचे मूळ तत्त्व हेच आहे: ज्याचा पत्ता नाही, त्याच्यापर्यंत पोहोचणे.

(१५)
हेच तत्त्व जमिनीच्या नोटिशीत. खरेदीपूर्वी वकील प्रसिद्ध करतात ती नोटीस सांगते: हरकत असल्यास सात किंवा चौदा दिवसांत कागदपत्रांसह कळवावे, अन्यथा हक्क सोडून दिला असे समजण्यात येईल. पुष्कळ लोक हे वाक्य वाचून घाबरतात. वास्तविक, केवळ अशा खासगी नोटिशीला उत्तर दिले नाही म्हणून कोणाची मालकी संपत नाही. ‘आपण पुरेशी चौकशी केली होती’ असे पुढे दाखविता यावे, हा खरेदीदाराचा त्यामागील मुख्य हेतू. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार नोंदणीकृत दस्त आणि प्रत्यक्ष कब्जा यांची माहिती खरेदीदाराला होती, असेच मानले जाते. जमीन कसणारा तेथे उभा असताना ‘आम्हांस ठाऊक नव्हते’ ही सबब चालत नाही.

(१६)
मुलगी आणि आपला अपत्यसंबंध तोडल्याच्या जाहिराती यांविषयीही एक शब्द. ‘मुलगा सांगण्यात नाही, त्याच्याशी व्यवहार करू नये’ असे बाप छापतो. पण तेवढ्याने वडिलोपार्जित मिळकतीतील त्याचा हिस्सा जात नाही. मुलींचे म्हणाल, तर महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू वारसा कायदा दुरुस्त केला. मुलगी जन्मतःच सहदायाद ठरली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची अट नसल्याचे स्पष्ट केले. म्हणून नोटिशीत बहिणींची नावे आणि ‘हक्कसोड’ हा शब्द आला की थांबून वाचावे. सासरी गेलेल्या बहिणीने माहेरचे वृत्तपत्र पाहिले असेलच असे नाही.

(१७)
कायद्यानेही ही अडचण ओळखली. १९७६ च्या दुरुस्तीने वृत्तपत्रातून समन्स काढायचे, तर प्रतिवादी जेथे शेवटी राहत होता त्या भागात खपणारे दैनिकच असावे, असे ठरले. भूसंपादनाची अधिसूचना दोन दैनिकांत व त्यांपैकी किमान एक प्रादेशिक भाषेत हवी, ही तरतूद १९८४ ची. २००२ नंतर बँकेच्या कब्जा नोटिशीलाही स्थानिक भाषेतील वृत्तपत्राची अट आहे. ‘पोहोचणे’ हे केवळ ‘छापणे’ नव्हे, हे या तिन्ही तरतुदींत गृहीत धरलेले आहे.

(१८)
आता निधनवार्ता व्हॉट्सॲपवर येते, श्रद्धांजली चौकातल्या फलकावर, स्थळे समाजाच्या गटात. वेग वाढला, खर्च जवळजवळ संपला. पण गट म्हणजे ओळखीच्यांचे घर. ज्याला आपण ओळखत नाही, ज्याचा हक्क आपल्याला ठाऊक नाही, जो गटात घेतलाच गेला नाही, त्याच्यापर्यंत गटातला संदेश जात नाही. दवंडी सर्वांच्या दारावरून जात असे. गटातल्या संदेशाची वाट ठरलेली असते. शिवाय फोन बदलला की सारे पुसले जाते, आणि उद्याच्या अभ्यासकाला मागे काही उरत नाही.

(१९)
इतिहासाचार्य वि. का. राजवाडे धुळ्यात स्थिरावले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच निवर्तले. पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. माळ्यावरची, अडगळीतली, वाळवीने खाल्लेली दप्तरे गोळा करत ते आयुष्यभर हिंडले. घरगुती हिशेब आणि वतनाचे तंटे यांतूनही इतिहास उभा राहतो, हे त्यांनी दाखवून दिले. वाचकहो, आपल्या घरी कपाटाच्या तळाशी अंथरलेले एखादे जुने जिल्हापत्र असेल. ते रद्दीत देण्यापूर्वी आतले पान एकदा वाचावे. मौजे मेहरूणसारख्या एखाद्या शिवाराची चतुःसीमा, एखाद्या आजीचे नाव, एखाद्या न परतलेल्या मुलाचे वर्णन तेथे असू शकेल. त्याचे छायाचित्र काढून तारखेसह जपून ठेवावे.

धागा समाप्त.