मेंदूतील ग्राहींची दैनंदिन लय

मेंदूतील ग्राहींची दैनंदिन लय म्हणजे चेतापेशींवरील, रासायनिक संदेश स्वीकारणाऱ्या ग्राहींच्या (रिसेप्टर) संख्येत सुमारे २४ तासांच्या आवर्तनाने होणारा चढउतार होय. १९८० च्या सुमारास ॲना विर्झ-जस्टिस व सहकाऱ्यांना उंदरांच्या मेंदूतील ॲड्रेनर्जिक ग्राहींत ही लय आढळली. इमिप्रामिन हे नैराश्यावरील औषध दीर्घकाळ दिल्यावर ती बदलली. त्यामुळे मोजणी एकाच प्रहरी केल्यास औषधाने ग्राही घटवले की लयच पुढेमागे सरकवली, हे उमगत नाही. तीव्र नैराश्यात अनेकांना पहाटे सर्वाधिक उदास वाटते व सायंकाळी किंचित उतार पडतो. त्यामागे ग्राहींचीच लय आहे, हे मात्र सिद्ध झालेले नाही. एका रात्रीच्या जागरणाने काही रुग्णांचे मन सावरते, परंतु झोपेनंतर उदासी बहुधा परतते.